दुखरा खांदा, गंजलेले बोल्ट आणि लीडचा हट्ट : एका प्रस्तरारोहकाच्या चाळीस वर्षांचं प्रकरण

या प्रकरणातल्या व्यक्तीला इथे 'काका' म्हटलं आहे. त्यांच्या गटातली तरुण मुलं त्यांना तशीच हाक मारतात. ओळख पटू नये म्हणून सुळक्याचं आणि गावाचं नाव दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

काकांनी १९८४ साली मुंब्र्याच्या कातळांवर चढायला सुरुवात केली, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. त्यांच्या गिर्यारोहण संस्थेचा एकच नायलॉनचा दोर होता आणि तो दहा-बारा जण वापरत. हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा कमरेचा पट्टा, तेव्हा नुसती पट्ट्यांची गाठ. बिले (चढणाऱ्याचा दोर सांभाळून तो पडला तर त्याला धरणं) कमरेभोवती दोर घेऊन द्यायचा. पायात कॅनव्हासचे, रबरी तळाचे बूट. पुढच्या दहा वर्षांत ड्यूक्स नोज, तैलबैला, वानरलिंगी आणि आडवाटांवरचे अनेक सुळके त्यांनी चढले, आणि बहुतेक ठिकाणी लीड, म्हणजे सगळ्यांत आधी दोर घेऊन चढणं, त्यांचाच होता.

१९८९ मध्ये त्यांनी दोन साथीदारांबरोबर घाटमाथ्यावरचा सुमारे ३०० फुटांचा एक सुळका तीन टप्प्यांत चढला. हात-पाय चालेनासे झाले तिथे बोल्ट मारून त्यावर दोराची शिडी लावायची, अशी तेव्हाची रीत. त्या चढाईत असे ११ बोल्ट बसले. भोक हातानेच पाडायचं: हातोडीचा घाव, छिन्नीला थोडा फेर, पुन्हा घाव. आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये एका भोकाला अर्धा-पाऊण तास जाई. बोल्ट बांधकामाच्या दुकानातले, साध्या पोलादाचे. हँगर, म्हणजे बोल्टवर दोर अडकवण्यासाठी लावायचे कान, लोखंडी पट्टी कापून, वाकवून घरीच केलेले.

नोकरी, लग्न आणि मुलं यांत १९९६ नंतरची दहा वर्षं गेली. वर्षातून चार-पाच रविवार कातळावर, एवढंच. २००७ नंतर ते परतले ते स्पोर्ट क्लाइंबिंगकडे, म्हणजे आधीच मारून ठेवलेल्या बोल्टना दोर अडकवत केलेल्या चढाईकडे. चढाईचे घट्ट बूट आणि बदामीचा वालुकाश्म मिळाल्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ६सी श्रेणीचा मार्ग लीड केला (आकडा, आणि मग अक्षर, वाढेल तशी चढाई अवघड). १९८९ मध्ये शिडी लावून चढलेला दुसरा टप्पा आता शिडीशिवाय साधारण ५सी श्रेणीचा ठरला. २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगच्या (दोराशिवाय, कमी उंचीवरच्या चढाईच्या) विश्वचषकाची फेरी झाली तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते आणि आठवड्यातून तीन दिवस नियमित चढत होते.

दरम्यान २०१२ मध्ये उजव्या हाताच्या अनामिकेची ए-टू पुली (कंडरेला बोटाच्या हाडाशी धरून ठेवणारी पट्टी) अर्धवट फाटली होती. दीड महिना विश्रांती, मग बोटाला पट्टी बांधून हळूहळू सुरुवात, आणि बोट बरं झालं. ही घटना पुढे महत्त्वाची ठरली, कारण 'थोडं थांबलं की होतं बरं' हा समज त्यांच्या मनात तिथे पक्का झाला.

समस्या

टाळेबंदीत सरावाची कृत्रिम भिंत बरेच महिने बंद होती. काकांनी घरी दाराच्या चौकटीवर लाकडी पट्टी बसवली आणि रोज लोंबकळणं व पुल-अप सुरू केले. बोटं आणि पाठ मजबूत राहिली. खांदा बाहेरच्या बाजूला फिरवणाऱ्या स्नायूंचा व्यायाम मात्र एकही नव्हता. हा असमतोल चढणाऱ्यांत फार आढळतो. आत आणि खाली ओढणारे स्नायू बलवान होतात, खांद्याचा गोळा खोबणीत मधोमध धरून ठेवणारे लहान स्नायू मागे पडतात. दमल्यावर गोळा किंचित वर सरकतो आणि वरच्या हाडाखाली कंडरा चेपली जाते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये भिंत उघडली आणि तिसऱ्याच आठवड्यात ते जुन्या श्रेणीवर गेले. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत परत येते, कंडरेला महिने लागतात, आणि पन्नाशीनंतर ते अंतर आणखी वाढतं. एका ओव्हरहँगवर (बाहेर झुकलेल्या भागावर) उजवा हात गॅस्टनमध्ये होता, म्हणजे कोपर बाहेर आणि अंगठा खाली ठेवून पकड बाहेरच्या बाजूला दाबलेली. त्याच क्षणी पाय सुटला आणि खांद्यात कळ आली.

पुढचे सहा आठवडे ते वेदनाशामक गोळी घेऊन चढत राहिले. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात दुखे आणि पूर्ण वर गेल्यावर थांबे. रात्री त्या कुशीवर झोपता येईना. ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर भिंतीवर जाणं त्याच दिवशी थांबवायला हवं. डिसेंबरमधल्या एमआरआयत खांद्याच्या वरच्या बाजूची सुप्रास्पिनेटस कंडरा अर्धवट फाटलेली दिसली, जाडीच्या निम्म्याच्या आत.

त्याच सुमारास गटाने १९८९ चा सुळका फेब्रुवारीत पुन्हा चढायचं ठरवलं होतं, आणि लीड काकाच करणार हे सगळ्यांनी, काकांसकट, गृहीत धरलं होतं. म्हणजे एकाच वेळी दोन प्रश्न होते: खांद्याचं काय करायचं, आणि बत्तीस पावसाळे खाल्लेल्या बोल्टवर कुणी लीड करायचं. गटाने ते एकच समजले. 'काकांचा खांदा बरा झाला की जाऊ' असं ठरलं आणि बोल्टविषयी कुणी बोललंच नाही. आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत गंभीर चूक हीच.

पर्यायांचा विचार

खांद्यासाठी तीन रस्ते होते. शस्त्रक्रिया केली तर चार ते सहा आठवडे हात झोळीत आणि जोर लावून ओढायला सहा ते नऊ महिने. पूर्ण फाटलेल्या कंडरेसाठी तो मार्ग रास्त आहे, निम्म्याच्या आतल्या इजेसाठी आधी व्यायामोपचार करून पाहतात. दुसरा रस्ता म्हणजे चढणं सोडून देणं. घरच्यांचा कल तिकडे होता आणि त्यांची काळजी खरी होती. तिसरा, सहा महिन्यांचा आखीव व्यायाम आणि त्यात टप्प्याटप्प्याने चढाई. काकांनी तिसरा घेतला. फिजिओथेरपिस्टने एक अट घातली: बारा आठवड्यांत रात्रीचं दुखणं गेलं नाही तर शल्यविशारदाकडे परत जायचं. मुदत ठरलेली असल्यामुळे 'अजून थोडं बघू' म्हणत वर्ष घालवण्याला वाव राहिला नाही.

सुळक्याचा विचार मात्र वरवरचा झाला. जुने बोल्ट वापरायचे, बदलायचे की बेत रद्द करायचा? जानेवारीतल्या बैठकीत एका तरुण मुलीने पहिल्यांदा विचारलं की हे बोल्ट मुळात कशासाठी मारले होते. ती पुढे या चढाईत काकांची बिलेयर होती. उत्तर सरळ होतं: शिडी टांगून त्यावर उभं राहण्यासाठी. ८० किलोच्या माणसाचा स्थिर भार साधारण ०.८ किलोन्यूटन. लीड करताना माणूस पडला तर वरच्या रनरवर (वाटेत दोर अडकवलेल्या आधारावर) चढणाऱ्याची आणि बिले देणाऱ्याची अशी दोन्हीकडची ओढ येते, आणि नेहमीच्या पडण्यातही ती चार ते सहा किलोन्यूटनपर्यंत जाऊ शकते. युरोपीय मानकानुसार चढाईच्या बोल्टने बाहेर ओढताना किमान १५ आणि आडव्या दिशेने २५ किलोन्यूटन सोसायला हवेत. घरी वाकवलेल्या पट्टीची कसली चाचणी झालेली असणार? बोल्ट १९८९ मध्ये त्यांच्या कामापुरते चांगले होते. काम बदललं होतं.

त्यात गंज फसवा असतो. बाहेर दिसणारा तांबडा थर फारसं काही सांगत नाही. पाणी भोकात शिरतं, तिथे वाळत नाही, आणि बोल्ट आतून बारीक होत जातो. शिवाय सह्याद्रीचा कातळ एकसंध नाही. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये लाल, मुरमासारखा मऊ पट्टा असतो, काही थर फुग्यांच्या पोकळ्यांनी भरलेले असतात. दुसऱ्या टप्प्याचा पहिला बोल्ट अशा लाल पट्ट्याच्या जेमतेम हातभर वर होता.

शेवटी ठरलं: फेब्रुवारीचा बेत रद्द. पावसाळ्यानंतर जुन्या बोल्टच्या जागी नवे मारायचे, वनविभागाशी आणि गावाशी आधी बोलून. मूळ रेषा बदलायची नाही. वाटेतले बोल्ट जितके होते तितकेच, फक्त प्रत्येक थांब्यावर, म्हणजे टप्पा संपतो तिथे, एकाऐवजी दोन. मूळ चढाई करणाऱ्यांची संमती घेण्याची रीत आहे. इथे तिघांपैकी दोघांशी बोलणं झालं, तिसरे हयात नाहीत.

केलेली कृती : खांदा

पहिले सहा आठवडे डोक्याच्या वर हात नेऊन ओढणं पूर्ण बंद. कोपर अंगाला चिकटवून, मध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवून, मनगट भिंतीवर बाहेरच्या बाजूला दाबून धरायचं: ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा, रोज. जोडीला खांद्याचा फरा मागे-खाली खेचून धरण्याचा सराव. सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने दर पंधरा दिवसांनी जोर मोजला. सुरुवातीला डावा १० किलो आणि उजवा ६ किलो खेचत होता. दुखणं कमी वाटलं की माणूस बरा झालो असं समजतो. काट्यावरचा आकडा तसं समजू देत नाही.

सातव्या आठवड्यापासून रबरी पट्टीचे व्यायाम, १५ चे तीन संच, दिवसाआड. आणि टॉप-रोपवर, म्हणजे दोर आधीच वरून घेऊन, सोप्या चढाया, आठवड्यातून दोन दिवस, एका दिवशी जास्तीत जास्त सहा. नियम असा की दुखणं दहापैकी तीनच्या वर जाता कामा नये आणि चोवीस तासांत पूर्वीइतकं खाली यायला हवं.

नवव्या आठवड्यात हा नियम मोडला. मित्र आले होते, अंग हलकं वाटत होतं, सहाच्या ठिकाणी अकरा चढाया झाल्या. दुसऱ्या रात्री झोप लागली नाही आणि दोन आठवडे मागे जावं लागलं. असाच आणखी एक धक्का त्यानंतर बसला, आणि त्याचं कारण सापडायला वेळ लागला, कारण त्या दिवशी चढाई अगदी थोडी होती. चौकशी केल्यावर कळलं की काकांनी थांब्यावरून बारा किलोची पिशवी नुसत्या हातांनी वर ओढली होती. चढण्याव्यतिरिक्तची खांद्याची कामं, म्हणजे पिशवी ओढणं, दोर खेचून काढणं, बिले देताना झटकन दोर वर सोडणं, कुणीच मोजत नाही. पुढे पिशवी कप्पीवरून आणि कमरेच्या वजनाने ओढायची असं ठरलं. मधल्या मागे जाण्यामुळे मुदत हुकते की काय असं वाटलं होतं, पण बारावा आठवडा सरता सरता रात्रीचं दुखणं थांबलं.

चौदाव्या आठवड्यापासून बोल्ट असलेल्या मार्गांवर ५बी-५सी लीड. जून २०२२ मध्ये उजवा हात ९ किलोवर पोचला. गॅस्टन, डायनो (झेप घेऊन पकड गाठणं) आणि सैल खांद्याने सरळ हातावर लोंबकळून घेतलेली विश्रांती, या तीन गोष्टी कायमच्या वर्ज्य.

या काळात एक निराळीच अडचण उघड झाली. काका दुहेरी भिंगाचा चष्मा वापरत. त्याचा खालचा भाग वाचनाच्या अंतरासाठी असतो, आणि चढताना पायाची पकड त्याच भागातून पण त्याहून बरीच लांब दिसते, म्हणजे धूसर. पाय सुटण्याचं एक कारण इतकं साधं असू शकतं. चढाईसाठी फक्त लांबचं दिसणारा चष्मा केला. त्याने जवळचं दिसत नाही, म्हणून गाठ आणि हार्नेसचं बकल त्यांनी बोटांनी चाचपायचं आणि बिलेयरने डोळ्यांनी तपासून मोठ्याने सांगायचं, अशी पद्धत लावली.

केलेली कृती : सुळका

डिसेंबर २०२२. चौघे जण. सामान: ३१६ दर्जाच्या स्टेनलेस पोलादाचे १० मिमी जाड, ९० मिमी लांब बोल्ट, त्याच धातूचे हँगर, बॅटरीवरचं ड्रिल, भोक साफ करायला ब्रश आणि फुंकणी. धातू एकच हवा. स्टेनलेस बोल्टवर जस्ताचा मुलामा दिलेला हँगर लावला तर ओलाव्यात तो हँगर लवकर गंजतो.

पहिला टप्पा एका तरुणाने नट आणि फ्रेंड (कातळाच्या फटीत अडकवायची, काढता येणारी साधनं) लावत लीड केला. त्या टप्प्यावरच्या दोन जुन्या बोल्टांपैकी एक पाना लावताच हातात आला. आतला भाग पेन्सिलीइतका उरला होता. दुसरा नुसता गोल फिरत होता. नवे तीन बोल्ट बसवले. आधी हातोडीने कातळ वाजवायचा. खणखणीत नाद आला तर ठीक, भद्द आला तर जागा बदलायची. भोक १०० मिमी खोल, कडेपासून आणि जुन्या भोकापासून किमान १५ सेंमी लांब. मग ब्रश आणि फुंकणी, तीन वेळा. भुकटी राहिली तर बोल्टचा फुगणारा भाग कातळाला नीट धरत नाही. आवळताना उत्पादकाने दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळायचं, अंदाजाने जोर लावला तर बोल्ट ताणला जातो.

साडेदहाला पहिल्या थांब्यावरून दुर्बिणीत तिसऱ्या टप्प्याशेजारच्या ओव्हरहँगखाली काळा डाग दिसला. आग्या मोहोळ, सुमारे ५० मीटरवर. ड्रिल तिथेच थांबलं, कारण कंपन आणि आवाज पोळ्यापर्यंत पोचायला एवढं अंतर पुरेसं नाही.

काकांचं म्हणणं होतं की ड्रिल नको, पण दुसरा टप्पा जुन्याच बोल्टवर शांतपणे लीड करतो, ते मीच मारलेत. खांदा त्या दिवशी चांगला होता आणि ५सी त्यांच्या आवाक्यात होती. बिलेयर म्हणाली, "काका, बोल्ट तुमचे आहेत, पण बिले माझा आहे. मी नाही देणार." तिचं कारण नेमकं होतं. लाल पट्ट्यावरच्या पहिल्या बोल्टपर्यंत चार मीटर मध्ये काहीच लावता येत नाही. तो बोल्ट अडकवतानाच पाय सुटला किंवा बोल्ट निघाला, तर पडणं थांब्याच्या खाली तितकंच जातं, म्हणजे फॉल फॅक्टर दोन (पडण्याचं अंतर सोडलेल्या दोराच्या दुप्पट), आणि सगळा झटका थेट थांब्यावर. वर माश्या उठल्या तर बोल्टच्या रेषेत अडकलेला माणूस खाली आणायला वेळ लागतो. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग चौघेही आवाज न करता रॅपल करून, म्हणजे दोरावरून सरकत, उतरले.

संध्याकाळी गावातल्या गुराख्याने सांगितलं की ते पोळं दर वर्षी तिथेच लागतं, दिवाळीनंतर येतं आणि पावसाच्या तोंडावर जातं.

निष्पत्ती

या माहितीवर पुढची तारीख ठरली: ऑक्टोबर २०२३ चा शेवट. कातळ वाळलेला असतो आणि माश्या अजून आलेल्या नसतात. गवत मात्र ओलं असतं, आणि पायथ्याच्या घसाऱ्यावर एक तास जास्त गेला. निघण्याआधी समोरच्या उतारावरून दुर्बिणीने ओव्हरहँग पाहिला, रिकामा होता.

दुसऱ्या टप्प्यावर नवे बोल्ट तरुणाने मारले. एकेक नवा बोल्ट बसल्यावर त्यालाच टांगून पुढचं भोक, जुन्यावर भार नाही. त्या टप्प्याच्या रेषेतल्या पाच जुन्या बोल्टांपैकी दोन फिरत होते, एकाच्या हँगरला तडा होता, आणि दोन भक्कम दिसत होते. त्या भक्कम दोघांतला एक हातोडीच्या तिसऱ्या घावाला तुटला. तो पहिलाच बोल्ट होता, लाल पट्ट्यावरचा.

मग दोर काढून घेतला आणि अठ्ठावन्न वर्षांच्या काकांनी दुसरा टप्पा नव्या बोल्टवर लीड केला. तिसरा टप्पा ते सेकंड म्हणून, म्हणजे लीडच्या मागून वरच्या दोरावर, चढले. तसं आधीच ठरलं होतं, कारण त्यात एका जागी उजव्या हाताने गॅस्टन टाळता येत नाही. तिथे त्यांनी दोर घट्ट घ्यायला सांगून ती हालचाल वगळली. एकूण १४ नवे बोल्ट बसले.

खांदा पूर्ववत झालेला नाही. ओव्हरहँगवर अजून दुखतो. लीड ६ए पर्यंत, टॉप-रोप ६बी पर्यंत, आणि जोराच्या दोन दिवसांत किमान ७२ तासांचं अंतर, अशी आत्ताची स्थिती आहे.

काय वेगळं करता आलं असतं

टाळेबंदीनंतर पहिले दोन महिने जुन्या श्रेणीच्या बऱ्याच खाली राहायला हवं होतं. गोळी घेऊन चढलेले सहा आठवडे तर निव्वळ नुकसान. बोटाच्या इजेवरून खांद्याचा अंदाज बांधणं हे त्याचं मूळ. पुली ही एक पट्टी आहे आणि आधार दिला की ती बरीचशी भरून येते. खांद्यात हालचालीची सवयच बदलावी लागते.

गावात आधी विचारलं असतं तर डिसेंबरची फेरी वाचली असती. वनविभागाची परवानगी काढायला गट तीनदा गेला, पण सुळक्याखाली रोज गुरं चारणाऱ्या माणसाशी कुणी बोललं नव्हतं.

थांब्यावरचा वाद तिथे व्हायलाच नको होता. जुन्या बोल्टवर कोणत्याही परिस्थितीत लीड नाही, हे बैठकीत लिहून ठरलं असतं तर एकोणतीस वर्षांच्या मुलीला दुप्पट वयाच्या माणसाला, शंभर फुटांवर, नाही म्हणावं लागलं नसतं. तिने ते म्हटलं हे तिचं मोठेपण. गटाने अशा धैर्यावर विसंबून राहू नये.

एका मुद्द्यावर गटात अजून मतभेद आहेत: तिसऱ्या टप्प्यावर आणखी एक बोल्ट मारावा का. काकांचा विरोध आहे. आम्हालाही त्यांचं पटतं, तिथे मधल्या आकाराचा फ्रेंड चांगला बसतो.

प्रत्येक नव्या बोल्टची तारीख, धातू, व्यास आणि खोली वहीत लिहिली आहे. काकांनी आपल्या जुन्या डायऱ्यांतून १९८५ ते १९९५ या काळात स्वतः बोल्ट मारलेल्या आणखी नऊ सुळक्यांची यादी काढून संस्थेला दिली. त्यातले दोन तपासून झाले आहेत, तिसऱ्यावर पुढच्या ऑक्टोबरात जायचं आहे.